गाडीची चकाकी : मेणाचे काम किती, पृष्ठभागाचे किती?

कोल्हापूरच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवर वाडी रत्नागिरी हे गाव आहे. सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो तो जोतिबाचा डोंगर म्हणून. चैत्र पौर्णिमेला येथे उंच सासनकाठ्या नाचतात आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. त्या दिवशी डोंगर उतरणाऱ्या वडापच्या जीपगाड्या, मोटारी आणि मोटारसायकली सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात. नवी गाडी घेतली की ती आधी जोतिबाला न्यायची, अशी रीत या भागातील कितीतरी घरांत आहे. त्यामुळे शोरूममधून कालच बाहेर पडलेली, आरशासारखी लखलखीत गाडीही गुलालातून सुटत नाही.

घरी आल्यावर मालक कोरडे फडके घेतो आणि गाडी पुसायला लागतो. असे दोन-तीन वर्षे चालले की रंग मंद दिसू लागतो. मग दुकानात जाऊन प्रश्न विचारला जातो, ‘पहिल्यासारखी चमक येईल असे कोणते वॅक्स आहे?’ दुकानदार चार डबे पुढे ठेवतो. एकावर ताडाच्या पानाचे चित्र असते, दुसऱ्यावर ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले असते, तिसऱ्यावर नुसतीच झगमगती मोटार असते.

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते म्हणजे, चकाकी डब्यात असते आणि ती फडक्याने गाडीवर चढवायची असते. हे गृहीत कोठून आले, एके काळी ते थोडेफार खरे कसे होते आणि आज ते का चुकते, हे समजायचे तर रंगांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. त्याआधी चकाकी म्हणजे नेमके काय, ते पाहू.

ओला दगड, कोरडा दगड

जोतिबाच्या डोंगरावरील देवळे स्थानिक काळ्या बेसाल्ट दगडात बांधलेली आहेत. आजचे मुख्य मंदिर १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधले आणि शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी. उन्हाळ्यात या भिंतींकडे पाहिले तर दगड करडा, मातकट दिसतो. पहिला पाऊस पडला की तोच दगड काळाभोर आणि तुळतुळीत दिसू लागतो. दगडात तर काहीच बदल झालेला नसतो. मग बदलते काय?

कोरड्या दगडाच्या पृष्ठभागावर अगणित बारीक उंचवटे आणि खळगे असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश वेडावाकडा, सर्व दिशांना विखुरतो. या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशाचा थोडा भाग कोणत्याही दिशेने पाहिले तरी डोळ्यांत येतो आणि खालचा काळा रंग फिका पडल्यासारखा वाटतो. पाणी खळगे भरून काढते. वरचा पृष्ठभाग सपाट होतो. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. त्या दिशेला डोळा असेल तर आपल्याला आकाशाचे प्रतिबिंब दिसते, नसेल तर दगडाचा खरा काळा रंग दिसतो. चकाकी आणि रंगाचा गडदपणा या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने वाढतात.

मोटारीवर मेण नेमके हेच करते. मेणामुळे पृष्ठभाग अधिक प्रकाश परावर्तित करतो, अशी समजूत मात्र चुकीची आहे. हिशेब करून पाहता येईल. मोटारीच्या रंगाच्या वरच्या थराचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी अशा पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. मेणाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो. त्याच सूत्राने त्याच्यावरून सुमारे ३.४ टक्केच प्रकाश परत येईल. म्हणजे पूर्णपणे गुळगुळीत रंगावर मेण लावले तर परावर्तन वाढण्याचे काहीच कारण नाही. मेणाची किमया दिसते ती रंग खडबडीत झाला असेल तेव्हा. जितके ओरखडे अधिक, तितकी मेणाची करामत मोठी!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चकाकी हा पृष्ठभागाच्या सपाटपणाचा गुण आहे. मेण त्या सपाटपणाची तात्पुरती डागडुजी करते आणि त्याचे रक्षण करते. आता प्रश्न असा, की हा सपाट पृष्ठभाग माणसाने बनवला कसा?

जवस, लाख आणि बिब्बा

वस्तूवर टिकाऊ, चकचकीत लेप चढवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘वज्रलेप’ या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. देवळे, मूर्ती, भिंती यांवर गरम असतानाच लावायचा हा लेप. त्याच्या पहिल्या पाठात कच्ची टेंभुर्णीची व कवठाची फळे, सावरीची फुले, धामणीची साल, वेखंड अशा वस्तूंचा काढा आटवून एक अष्टमांश करायचा आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल अशी द्रव्ये घालायची, असे सांगितले आहे. दुसऱ्या एका पाठात लाख येते.

ही यादी रसायनाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावी. राळ आणि लाख ही नैसर्गिक रेझिने आहेत. ती वाळली की कठीण, काचेसारखा थर बनतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते, म्हणजेच बहुवारिक बनते. खोबरेल तेलात हा गुण नाही. ते कितीही दिवस ठेवले तरी चिकटच राहते. बिब्ब्याच्या रसातील फिनॉल गटातील संयुगे हवेत काळी पडून घट्ट होतात. म्हणून तर परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरीत. चीन-जपानमधील प्रसिद्ध लाखरोगण ज्या झाडाच्या चिकापासून बनते ते झाड बिब्ब्याच्याच कुळातले. आजरा-चंदगडकडे ज्याचे कारखाने आहेत तो काजूही याच कुळातला, आणि काजूच्या टरफलाचे तेल आजही रोगणांत वापरले जाते.

खेड्यातील दगडाच्या देवाला आपण तेल-शेंदूर लावतो. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. हेच ऑक्साइड जवसाच्या उकळलेल्या तेलात कालवले की लोखंडाला गंज चढू न देणारा अस्तराचा रंग बनतो. जगभरातील लोखंडी पूल आणि जहाजे अनेक दशके या रंगाने रंगवली जात. शिसे विषारी असल्याने अलीकडे त्याचा वापर खूप कमी झाला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचे जवस आणि लाख मोठ्या प्रमाणावर विलायतेला जात. तेथे त्यांची रंग-रोगणे होत आणि ती श्रीमंतांच्या बग्ग्यांवर चढत. लाखेवर संशोधन करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संस्था स्थापन झाली, यावरून या मालाचे महत्त्व लक्षात येईल.

बग्गीपासून ‘ड्युको’पर्यंत

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांना रंगही बग्गीचाच असे. जवसाच्या तेलातील रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, घासायचा, पुन्हा हात द्यायचा, शेवटी रोगण. एका गाडीचे रंगकाम तीन-चार आठवडे चाले. गाड्या हाताने बनत होत्या तोवर हे खपून गेले. साखळी पद्धतीने गाड्या बनू लागल्यावर रंगाची खोली हीच कारखान्याची अडचण झाली. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. हा काळा रंग डांबरासारख्या खनिज द्रव्यापासून बनवलेला, भट्टीत भाजून पक्का केलेला असे. त्याला इंग्रजीत जपानचेच नाव होते, कारण त्याची चमक जपानी लाखकामाची आठवण करून देई.

रंगांची कोंडी फुटली ती १९२३ च्या अखेरीस. अमेरिकेत ड्युपाँ कंपनी आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर तयार केले आणि ओकलंड नावाच्या मोटारीवर निळ्या रंगात ते प्रथम आणले. नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून मिळणारा पदार्थ. याच घराण्यातील पदार्थांपासून स्फोटके आणि जुन्या सिनेमाची फीत बनत. ड्युपाँ ही मुळात दारूगोळ्याची कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर तिला या मालासाठी नवे काम हवेच होते. हे लॅकर फवाऱ्याने मारता येई. त्यातील विद्रावक उडून गेला की थर वाळला. आठवड्यांचे काम तासांवर आले.

आपल्याकडच्या डेंटर-पेंटरांच्या आणि सुतारांच्या बोलीत हे नाव अजून टिकून आहे. कोणत्याही कंपनीचा फवाऱ्याचा रंग असो, ‘ड्युको मारला’ असेच म्हणतात.

आता मेणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. जवसाच्या तेलाचे रोगण सावकाश वाळे. त्यामुळे ब्रशाच्या रेघा आपोआप बसून जात आणि पृष्ठभाग स्वतःहून सपाट होई. लॅकर झटपट वाळते. फवाऱ्याचे थेंब पसरायच्या आत घट्ट होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. त्याला चकाकी आणायची तर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचे, मग बारीक भुकटीच्या लेपाने रबिंग करायचे आणि शेवटी मेण द्यायचे. शिवाय नायट्रोसेल्युलोज उन्हाने पिवळे पडते आणि वरचा थर खडूसारखा भुकटी होतो. दर काही महिन्यांनी तो काढून टाकावा लागे. वेळेची बचत कारखान्यात झाली, घासण्याचे काम मालकाच्या गळ्यात पडले! मोटारीच्या मेणाची बाजारपेठ वाढली ती याच काळात. मेणाने गाडी उजळते हा अनुभव त्या पिढीने रोज घेतला आणि तो खराही होता, कारण त्या काळी रंग सतत खडबडीत होत असे.

कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी १९३० च्या दशकात जर्मनीच्या मेबॅक कंपनीकडून मागवलेली मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांनी पाहिली असेल. तिचे दर्शन घ्यायला आजही गर्दी होते. अशी जुनी गाडी चकचकीत दिसते तेव्हा तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या फडके हाती घेतलेल्या माणसांचे श्रम असतात, हे आपण विसरता कामा नये.

ताडाच्या पानावरील भुकटी

मेणे अनेक प्रकारची आहेत. आपल्या सर्वांत ओळखीचे ते मधमाश्यांचे. महाबळेश्वर परिसरात मधमाशीपालन जुने आहे. तेथील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावनेही ती वाट धरली. मधमाश्यांच्या मेणाचा द्रवणांक ६२ ते ६४ अंश सेल्सिअस आहे. मेणबत्तीचे पॅराफिन खनिज तेलापासून मिळते. ते प्रकारानुसार ४६ ते ६८ अंशांना वितळते.

भर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचे टप ६५-७० अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे ही दोन्ही मेणे तेथे मऊ होणार, त्यांवर धूळ चिकटणार आणि ती लवकर निघून जाणार. म्हणून अधिक कठीण मेण हवे होते. ते मिळाले ब्राझीलच्या ईशान्य भागात. तेथे कार्नोबा नावाचा ताड वाढतो. प्रदेश कोरडा, ऊन कडक. पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा थर बनवते. पाने कापून वाळवतात आणि झोडपतात. जी भुकटी झडते ती वितळवून मेण करतात. त्याचा द्रवणांक ८२ ते ८६ अंश. नैसर्गिक मेणांत हे फार कठीण मेण. झाडाने उन्हापासून बचावासाठी केलेली सोय माणसाने मोटारीच्या टपावर नेली, असे म्हणता येईल.

कार्नोबाला किती महत्त्व होते याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील जॉन्सन या मेण बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ साली पाण्यावरही उतरू शकणाऱ्या छोट्या विमानातून ब्राझीलमधील फोर्तालेझापर्यंत गेले. आपल्याला लागणाऱ्या मेणाची झाडे पुरेशी आहेत का, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते!

निव्वळ कार्नोबा मात्र गाडीला लावता येत नाही. तो विटेच्या तुकड्यासारखा कडक आणि ठिसूळ असतो. त्यात टर्पेंटाइनसारखा विद्रावक आणि मऊ मेणे मिसळावीच लागतात. म्हणून डब्यावर ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ फार तर ‘यात वापरलेल्या कार्नोबात भेसळ नाही’ एवढाच घ्यावा.

पारदर्शक थराने चित्र बदलले

पुढे भट्टीत पक्के होणारे अल्किड इनॅमल आणि १९५० च्या दशकात ॲक्रिलिक लॅकर आले. खरा बदल झाला तो मोटारीच्या रंगाचे दोन थर वेगळे झाले तेव्हा. खालच्या थरात रंगद्रव्य किंवा धातूच्या चकचकीत कण्या आणि त्यावर रंगहीन, पारदर्शक थर. ही पद्धत १९८० आणि १९९० च्या दशकांत सर्वत्र रूढ झाली आणि आपल्या रस्त्यांवरील आजच्या बहुतेक मोटारी अशाच रंगवलेल्या असतात.

हा पारदर्शक थर कारखान्यातच आरशासारखा सपाट होतो आणि त्याची भुकटी सहजी होत नाही. अतिनील किरण शोषून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. त्याची जाडी मात्र अवघी ४० ते ५० मायक्रॉन. प्लॅस्टिक पिशव्यांच्या बंदीमुळे ५० मायक्रॉन हा आकडा महाराष्ट्रात सर्वांना परिचित झाला आहे. मोटारीची सारी चमक त्या पिशवीच्या एका पदराएवढ्या थरात असते, आणि हा थर एकदाच मिळतो. यंत्राने एक जोरदार रबिंग केले तर त्यातील काही मायक्रॉन कायमचे जातात. अशी चार-पाच रबिंगे झाली की थर इतका पातळ होतो, की उन्हाने तो फाटतो आणि पापुद्रे निघू लागतात. त्यानंतर कोणत्याही मेणाचा उपयोग नसतो; गाडी पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग उरतो. वडाप चालवून पोट भरणाऱ्यासाठी हा खर्च लहान नसतो, आणि रंग गेलेल्या पत्र्याला गंज धरायला कोल्हापूरचा पावसाळा पुरेसा असतो.

झिजेचा हा प्रश्न फक्त मोटारीचा नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तिचे संवर्धन केले. दगड असो वा रंग, रोजच्या घासण्याने जे जाते ते परत येत नाही. म्हणून झीज सोसायला वर दुसरा एखादा थर द्यावा लागतो. मोटारीवर हे काम मेणाकडे आहे. त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पण तो झिजला तर पुन्हा लावता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन तेले आली. ती सहज पसरतात आणि लगेच चमक दाखवतात. पण त्यांचा अंश पत्र्यावर राहिला तर पुढे मारलेला रंग तेथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. म्हणून पेंटर मंडळी सिलिकोनवर नाराज असतात. त्यानंतर कृत्रिम बहुवारिकांची ‘सीलंट’ आली आणि अलीकडे सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप आले. हे लेप रंगाशी अधिक घट्ट धरून राहतात आणि मेणापेक्षा बराच काळ टिकतात. पण खालचे ओरखडे तसेच ठेवून लावले तर ओरखडेही तितकाच काळ टिकतात!

मग निवड कशी करावी?

इतका इतिहास पाहिल्यावर दुकानातील प्रश्न बदलतो. ‘सर्वांत जास्त चमक कोणत्या मेणाने येते?’ हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : खाली कोणता पृष्ठभाग आहे, आणि त्याचे शत्रू कोण?

पृष्ठभाग ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन गाडीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर हलकेच चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. रंग जुन्या पद्धतीचा आहे. अशा रंगाची खडूसारखी झालेली भुकटी एकदा सौम्य पॉलिशने काढून, वर कार्नोबाचे घट्ट मेण द्यावे. येथे मेणाचा गुण डोळ्यांना दिसतो. फडके पांढरेच राहिले तर पारदर्शक थर आहे, आणि तेथे रबिंगचा मोह टाळलेलाच बरा.

गडद गाडीवर कार्नोबा खुलून दिसतो, कारण ओल्या काळ्या दगडाचेच तत्त्व तेथे लागू पडते. पांढऱ्या गाडीवर खालच्या रंगातूनच इतका विखुरलेला प्रकाश बाहेर येतो, की मेणाने पडणारा फरक जवळजवळ दिसत नाही. पांढऱ्या वडापच्या जीपला महागडे कार्नोबा लावण्यापेक्षा टिकाऊ कृत्रिम सीलंट लावलेले चांगले. रोज दोन खेपा करणाऱ्या गाडीला दर महिन्याला मेण द्यायला सवड कोठे असते? गाडी नव्याने रंगवलेली असेल तर विद्रावक पूर्ण उडून जाईपर्यंत, पेंटर सांगेल तितके दिवस, काहीच लावू नये. मुद्दाम बिनचमकीचा ठेवलेला रंग असेल तर त्याला मेणच लावू नये.

आता शत्रू. कोल्हापूर परिसरात गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये उसाचा चोथा जळतो आणि त्याची काजळी उडते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फाउंड्री आहेत. लोखंडाचे बारीक कण रंगावर बसले की तेथे तांबडे ठिपके धरतात. त्यात पक्ष्यांची विष्ठा, पावसाळी चिखल आणि यात्रेतील गुलाल. स्वस्त गुलालात रंगाबरोबर खनिजाची भुकटी मिसळलेली असू शकते. कोरड्या फडक्याने तो पुसणे म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपर फिरवणेच होय. मेणाचा थर असेल तर ही घाण खोलवर चिकटत नाही आणि पाण्याच्या धारेबरोबर निघून जाते. त्यामुळे क्रम असा असावा : आधी भरपूर पाणी वरून सोडावे, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने, दाब न देता धुवावे, सावलीत कोरडे करावे, आणि मग गरज असेल तर मेण. यात्रेच्या बाबतीत मेण आधी लावलेले असणे महत्त्वाचे. नंतर लावलेले मेण पडलेले ओरखडे फक्त झाकते.

काही जण गाडी रॉकेलने किंवा डिझेलने पुसतात. त्याने चमक येते हे खरे आहे. तेलाने खळगे भरतात, एवढेच. पण ते तेल धूळ धरते, आणि दोन दिवसांत गाडी पूर्वीपेक्षा मळकट होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

यातील बहुतेक गोष्टी शाळेत फारशा खर्चाविना पडताळता येतात.

एक. रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा घ्या. अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून मऊ फडक्याने चोळा. दोन्ही भागांवर ड्रॉपरने एकेक थेंब टाका आणि बाजूने पाहा. मेणावरील थेंब गोल, उभा राहतो. पाणी आणि मेण यांमधील संपर्क कोन शंभर अंशांहून अधिक असतो. दुसरीकडे थेंब पसरतो. पत्रा तिरपा केला की कोणता थेंब आधी घसरतो आणि मागे ओल किती ठेवतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी.

दोन. शिक्षकांच्या एखाद्या मोटारसायकलच्या टाकीजवळ वर्तमानपत्राचा मथळा धरा आणि प्रतिबिंबात अक्षरे किती अंतरापर्यंत वाचता येतात ते फूटपट्टीने मोजा. धुण्याआधी, धुतल्यावर आणि मेण लावल्यावर अशी तीन मापे घ्या. चकाकी हा शब्द असा आकड्यात आणता येतो. बहुतेक वेळा सर्वांत मोठा फरक नुसत्या धुण्यानेच पडलेला दिसेल.

तीन. एक निरुपयोगी सीडी घ्या. चकचकीत बाजूच्या एका भागावर कोरडा गुलाल टाकून फडक्याने पुसा; दुसऱ्या भागावर तितकाच गुलाल टाकून आधी धारेखाली धुवा, मग टिपून घ्या. आता दोन्ही भाग बल्बखाली धरून पाहा. कोरड्या पुसलेल्या भागात बल्बच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळे दिसतील. ओरखडे खरे तर सर्व दिशांना गेलेले असतात; पण जे प्रकाशाच्या दिशेला आडवे असतात तेवढेच चमकून डोळ्यांत येतात, म्हणून ते वर्तुळाकार भासतात. सीडी फिरवली, तरी वर्तुळे बल्बच्या प्रतिबिंबाभोवतीच राहतात. असे का, याचे उत्तर दहावीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

चार. बशीएवढ्या पत्र्यावर मधमाश्यांचे मेण आणि मेणबत्तीचे पॅराफिन यांचे सारखे तुकडे ठेवा. पत्रा गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून कोण कोणत्या तापमानाला वितळते ते तापमापकाने पाहा. मेण थेट ज्योतीवर मात्र कधीही तापवू नये. ते पेट घेते. मग एप्रिलच्या दुपारी शाळेच्या आवारातील गडद रंगाच्या गाडीच्या पत्र्यावर तापमापकाचा फुगा टेकवून, वरून कापसाने झाकून तापमान घ्या. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की कोणते मेण तेथे टिकेल, हे मुलेच सांगतील. डब्यावरील चित्र तोवर पाहायची गरज नाही.

हे चारही प्रयोग चैत्रातील यात्रेच्या आधी झाले, तर मुलांच्या घरच्या गाड्यांना त्याचा त्याच वर्षी उपयोग होईल.